भोकांवरची चिकटपट्टी

आईने शेवटी सोलापूरचं घर सोडून माझ्याकडे पुण्याला यायचं कबूल केलं आणि सामान आवरायला मी आठ दिवसांची रजा टाकून आले. तिसऱ्या दिवशी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात बाबांचा टू-इन-वन होता, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, कॉलेजात मी वापरलेला. त्याखाली माझ्या कॉलेजच्या वह्या, आणि वह्यांच्या मध्ये रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट. नाव लिहायच्या जागी निळ्या शाईत माझ्या मैत्रिणीचं, नागमणीचं अक्षर होतं: ‘आमचं’. वरच्या कडेला जिथे दोन चौकोनी भोकं उघडी असायला हवी होती, तिथे चिकटपट्टी लावलेली. ती पिवळी पडली होती. ती पाहिली आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा माझा राग, जो कधीच वाळून गेला असेल असं मी धरून चालले होते, तो जसाच्या तसा अंगावर आला. मला बरं वाटलं. खरंच सांगते, राग शिल्लक आहे हे कळून मला बरं वाटलं.

ज्यांनी कॅसेटी वापरल्या नाहीत त्यांना एवढं सांगायला हवं की कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन बारीक पाकळ्या असायच्या. त्या मोडल्या की तिथे भोकं पडायची आणि मग त्या कॅसेटवर दुसरं काही भरता यायचं नाही. जपायची असलेली कॅसेट आम्ही अशी मोडून ठेवायचो. आमची मी केसातल्या पिनेने मोडली होती, नागमणी शेजारी बसून बघत होती. पण कुणाला पुसायचंच असेल तर उपाय सोपा होता. भोकांवर चिकटपट्टी लावायची. म्हणजे हे चुकून होत नाही. कातरी शोधावी लागते, पट्टी कापावी लागते, नीट दाबून बसवावी लागते. एवढं सगळं करताना माणसाला थांबायला भरपूर वेळ असतो.

सोलापूरचं घर पुढे झालं; बाबा तेव्हा जेऊर स्टेशनात नोकरीला होते आणि मी कॉलेजसाठी सोलापूरला मावशीकडे राहत होते. नागमणी माझ्या वर्गात होती. तिचं घर पूर्व भागात, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि घराच्या मागच्या अंगाला तिच्या वडिलांची चार यंत्रमागांची शेड. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चारही माग चालू होते. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे पळत होता आणि तिची आई मला काहीतरी प्रेमाने विचारत होती, पण त्या खडखडाटात तिचे फक्त ओठ हललेले दिसले. खळीचा आंबूस वास, मशीनच्या तेलाचा वास, आणि उन्हाच्या तिरिपीत तरंगणारा सुताचा कोंडा. घरी आले तरी तो माझ्या वेणीत होता. मावशी म्हणाली, टॉवेलात झोपली होतीस का.

आठवड्यातून एक दिवस मागांना सुट्टी असायची. त्या दिवशी गल्लीच बदलून जायची. शेजारच्या घरातली फोडणी ऐकू यायची, कुणाचं तान्हं रडायचं ते ऐकू यायचं, लोक सवयीने जोरात बोलायचे आणि मग स्वतःच दचकायचे. आणि त्या एका दिवशी नागमणीच्या शेडमध्ये आमची बैठक भरायची. सात-आठ मुलं आणि आम्ही दोघी. कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून, मध्ये मी आणलेला टू-इन-वन ठेवून, आम्ही ग्रंज ऐकायचो. अमेरिकेतल्या एका पावसाळी शहरातल्या पोरांनी काढलेलं ते मळकट, खरखरीत, चिडलेलं रॉक. सोलापुरात तेव्हा पाऊस पडेना, नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, पण त्या पोरांचा वैताग आम्हाला पटायचा. भाषा अर्धी कळायची. वैताग पूर्ण कळायचा.

बैठकीचा मालक विनूदादा. शेड नागमणीची, टेप माझा, पण मालक तो. आमच्याहून तीन वर्षांनी मोठा, पुण्याला जाऊन आलेला, केस खांद्यापर्यंत. कुठलंही गाणं लागलं की तो डोळे मिटायचा, एक बोट वर करायचा, आणि आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत बसायचो. बोट वरच राहिलं तर गाणं खरं. खाली आलं की निकाल लागायचा: “पाणी घातलंय.”

कारण तोवर ती पावसाळी शहरातली लाट ओसरली होती आणि तिच्यामागून दुसरं काहीतरी आलं होतं. चाल तीच, गिटार तीच, पण धुऊन इस्त्री केल्यासारखं. त्याला पोस्ट-ग्रंज म्हणायचं असं विनूदादाने सांगितलं. मग नेमकं काय पोस्ट-ग्रंज यावर जी भांडणं झाली, तेवढी मी नंतर ऑफिसातही पाहिली नाहीत. एक म्हणायचा, वर्षावरून ठरवा, अमुक साली संपलं, पुढचं सगळं पोस्ट. दुसरा म्हणायचा, वर्षाचा काय संबंध, गिटार किती स्वच्छ वाजते त्यावर ठरतं. तिसऱ्याच्या मते कडवं हळू आणि ध्रुवपद आरडाओरडीचं असलं की झालं. सलीम, ज्याचं आता सात रस्त्याजवळ औषधांचं दुकान आहे, तो शेंगा फोडत म्हणाला होता, “रोना तो वहीच है यारो, रुमाल धुला हुआ है।” यावर आम्ही इतके हसलो की नागमणीची आई भाकरी टाकून बघायला आली.

नागमणी सहसा बोलायची नाही. ती चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची. सुट्टी मागांना असायची, तिला नसायची. एकदाच ती मान वर न करता म्हणाली, “चादर ह्या मागावर विणली काय नि त्या मागावर विणली काय, थंडी वाजायची थांबली की झालं की.” विनूदादाने तिच्याकडे पाहिलं आणि हसला. बायकांना असलंच मऊ आवडतं, असं काहीसं म्हणाला. ते हसू मी त्याच दिवशी लक्षात ठेवलं होतं.

त्या कॅसेटवरचं गाणं आम्ही दोघींनी केलं ते असंच. हॉस्टेलमधल्या एका मुलीची गिटार होती, सहापैकी चार तारा असलेली. मला दोन कॉर्ड येत होते. नागमणीने कांड्यांचा डबा पालथा घेतला आणि त्यावर मागाचा ठेका धरला, खटक-खट, खटक-खट, झोपेतही चुकणार नाही असा. शब्द तिचेच, थोडे मराठी, थोडे तेलुगू. ध्रुवपद तेवढं माझ्या पक्कं लक्षात आहे: मागाला सुट्टी हाय, मला न्हाय. हे ती आधी कुजबुजल्यासारखं म्हणायची, आणि मग एकदम असा आवाज काढायची की पत्र्यावरची कबुतरं उडायची. ग्रंज की पोस्ट-ग्रंज, मला ठाऊक नाही. मला एवढं ठाऊक आहे की ते तिच्या घशातून येत नव्हतं, खालून कुठून तरी येत होतं, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. एका सुट्टीच्या दुपारी आम्ही ते कोऱ्या कॅसेटवर भरलं. प्ले आणि लाल बटण एकदम दाबून. एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायला ती तयार नव्हती.

विनूदादाला ऐकायला देऊ या, हे मी म्हटलं. नागमणी नको म्हणाली होती. “नको देऊस गं. आपलं आपल्यापाशी बरं हाय.” मी ऐकलं नाही. मला ते बोट वर राहिलेलं बघायचं होतं. माझ्या सगळ्या रागाच्या बुडाशी हे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

आठ दिवस त्याने कॅसेट ठेवली. पुढच्या सुट्टीला सगळ्यांसमोर खिशातून काढली, टेपमध्ये घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “आता ऐक. आता ऐकण्यासारखं झालंय.” बटण दाबलं. आतून त्याचा स्वतःचा आवाज आला. त्याची गिटार, त्याचं इंग्रजी, नाकातून काढलेलं. आमच्या गाण्यावर त्याने आपलं गाणं भरलं होतं. आधी कुणीतरी एकजण हसला, मग सगळे हसले. सलीम हसला नाही. विनूदादा म्हणाला, याला ग्रंज म्हणतात, तुमचं होतं ते पोस्ट-ग्रंज, आणि त्यातही पाणी घातलेलं. गाणं संपताच त्याने टेप बंद केला आणि कॅसेट माझ्या हातात दिली. मी भोकांवर बोट फिरवलं. बोटाला पट्टी लागली.

नागमणी उठली आणि कांड्या भरायला बसली. चरख्याचा आवाज तेवढा येत राहिला. पुढच्या सुट्टीला आम्ही गेलो तर शेडला आतून कडी होती. मी हाका मारल्या. आत कुणीतरी होतं, उदबत्तीचा वास येत होता. मग परीक्षा आल्या, मग तिचं लग्न ठरलं, त्याच गल्लीत, चार घरं सोडून. मी लग्नाला गेले, हळदीने पिवळ्या झालेल्या हातांनी तिने मला जिलबी वाढली. गाण्याचा विषय तिने काढला नाही, आणि मला तोंड नव्हतं.

सूड घ्यायचा हे माझं तेव्हाच ठरलं होतं. पण एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात असतं काय? विनूदादाची सगळी अक्कल कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावरून पाठ केलेली आहे, हे मी कॉलेजभर सांगितलं. त्याच्या लुनाच्या सीटवर खळ ओतली, ती वाळून कडक झाली आणि तो पंधरा दिवस तिरका बसून हिंडला. हे करून मन भरलं नाही. पुढे नोकरी, लग्न, मुलगी, बदल्या. कुठल्याही दुकानात तसली गिटार वाजली की मी सामान तिथेच ठेवून बाहेर यायचे. नवरा म्हणायचा, तुला गाण्याचं वावडं आहे. असेल. कॅसेट मात्र मी कधी वाजवली नाही आणि कधी टाकलीही नाही.

तर पेटी उघडली त्याच आठवड्यात सलीमभाईंचा फोन आला. आता त्यांना भाई म्हणायला लागतं, केस पांढरे झालेत. विनूदादा सोलापुरात परत आलाय, होटगी रोडला बंगला बांधलाय, वरच्या मजल्यावर मोठे स्पीकर लावून दर महिन्याला एका रविवारी सकाळी जुन्या लोकांना बोलावतो. या वेळचा विषय, पोस्ट-ग्रंज म्हणजे नेमकं काय. नियम त्यानेच केलेत. प्रत्येकाने काहीतरी जुनं आणायचं, नाव न सांगता वाजवायचं, बाकीच्यांनी निकाल द्यायचा. मोबाइल बंद करून दाराशी ठेवायचे. तू ये, म्हणाले सलीमभाई, मजा येईल. मी म्हटलं, येते की.

टू-इन-वन घेऊन मी नवी पेठेत गेले. एक म्हातारे दुरुस्तीवाले अजून असली कामं करतात. त्यांनी आतला रबरी पट्टा बदलला, स्वतःकडची एक कॅसेट घालून पाहिली, आणि म्हणाले, “ताई, स्पीड जरा कमी येतोय. आवाज जाड निघतोय. करू का नीट?” मी दोन क्षण विचार केला आणि म्हटलं, “राहू द्या.”

रविवारी बैठकीत नऊ-दहा जण होते. पोहे झाले, चहा झाला. विनूदादाचे केस गेलेत, पोट आलंय, पण बोट तेच. त्याने मला ओळखलं, तू जेऊरची ना, म्हणाला, आणि पुढे काही आठवल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. ते मला जास्त लागलं. पंचवीस वर्षं मी जे रोज थोडं थोडं सांभाळलं, ते त्याच्या खिजगणतीतही नव्हतं. गाणी वाजू लागली, भांडणंही तीच सुरू झाली, वर्षावरून, गिटारवरून. कुणी म्हणालं मूळचं ते ग्रंज आणि बघून केलेलं ते पोस्ट-ग्रंज. मग माझी पाळी आली. मी टेप टीपॉयवर ठेवला आणि बटण दाबलं.

खरखर. गिटार. मग तो आवाज, जाड, ओढल्यासारखा. विनूदादाने डोळे मिटले, बोट वर केलं. पहिलं कडवं संपायच्या आत बोट खाली आलं.

“पाणी घातलंय,” तो म्हणाला. “कुणीतरी हौशी पोरगं हाय. बघून बघून म्हणतंय. ह्याचं स्वतःचं ह्यात कायच न्हाय.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, पोस्ट-ग्रंजसुद्धा म्हणवत नाही याला. मी टेप बंद केला नाही, मला ते शेवटपर्यंत त्याला ऐकवायचं होतं. गाणं संपलं, नुसती खरखर राहिली, लोक आपापसात बोलू लागले. आणि मग खट्‌ असा आवाज झाला आणि टेपमधून कुणीतरी डब्यावर ठेका धरलेला ऐकू आला.

त्याचं गाणं आमच्यापेक्षा लहान होतं. शेवट त्याला पुसता आला नव्हता. त्या दिवशी शेडमध्ये त्याने आपलं संपल्यावर टेप बंद केला म्हणून कुणाला कळलं नव्हतं, आणि मी रागापायी पुन्हा कधी लावलीच नव्हती. नागमणीचा आवाज आला. मागाला सुट्टी हाय, मला न्हाय. एकदाच, तो शेवटचा, कबुतरं उडवणारा. मग तिचं हसू, आणि “अय्यो, झालं की, बंद कर गं.” मग टेप कोरा.

सलीमभाईंनी कप खाली ठेवला. “ये तो नागमणी है,” ते हळूच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग विनूदादाकडे, आणि त्यांना सगळं कळलं. विनूदादाला सलीमभाईंचा चेहरा बघून कळलं.

मी इतरांसाठी सावकाश सांगितलं. शेवटचं आहे ते नागमणीचं. त्याआधीचं, ज्याला पाणी घातलंय म्हणून आत्ता निकाल दिला, ते विनूदादाचं. तिचं पुसून त्यावर भरलेलं. विनूदादा टेपचा स्पीड कमी आहे असं काहीतरी म्हणाला, मग तेही त्याने अर्ध्यावर सोडलं. त्याचे कान लाल झाले होते. मी ते मनसोक्त पाहिलं. मला दया आली नाही.

निघताना तो जिन्यापर्यंत आला. “माझ्याकडं तेव्हाचं कायच राहिलं नाही,” तो म्हणाला. “सगळ्या कॅसेटींना बुरशी लागली. एवढं मला पाठव की. माझाच आवाज हाय.” त्याने नागमणीबद्दल विचारलं असतं तर कदाचित माझं मन पालटलं असतं. त्याने विचारलं नाही. मी म्हटलं, “पाठवते.”

तिथून मी थेट पूर्व भागात गेले. गल्ली ओळखू येईना, कारण खडखडाट नव्हता. नागमणीच्या नवऱ्याच्या शेडमध्ये पाचपैकी एकच माग उरलाय, बाकीचे भंगारात गेले. मी दारात उभी राहिले तर तिने हातातलं सूत टाकलं आणि माझे दोन्ही दंड धरले. तिला आता कमी ऐकू येतं. मागांनी कान नेले, असं ती सहज सांगते. मी टेप तिच्या मांडीवर ठेवला आणि शेवटचा तुकडा लावला. तिने स्पीकरच्या जाळीला कान लावला. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. “मीच का गं ही?” म्हणाली. मग मी सकाळचं सगळं सांगितलं, मोठ्याने, सगळी गल्ली ऐकेल असं. तिने एवढंच विचारलं, काय म्हणाला तो? मी डोळे मिटून बोट वर केलं, खाली आणलं आणि म्हटलं, पाणी घातलंय. नागमणी हसली. हसू जसंच्या तसं टेपमधलं.

मी तिची माफी मागितली. तू नको म्हणाली होतीस, मी दिली. तिने ते ऐकलं की नाही कळलं नाही. तिने कॅसेट बाहेर काढली होती आणि वरच्या कडेवरून अंगठा फिरवत होती.

“ही पट्टी कुणी लावली?”

“त्यानेच.”

“अजून घट्ट हाय की,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

तिने नवऱ्याला माग बंद करायला सांगितलं. तिने कांड्यांचा डबा ओढला, आता प्लॅस्टिकचा, पालथा घेतला. मी टेपच्या काउंटरवर तिचा जुना तुकडा कुठे सुरू होतो तो आकडा पाहून ठेवला, त्याच्या अलीकडे थांबायचं होतं. कॅसेट पहिल्यापासून लावली. प्ले आणि लाल बटण एकदम दाबलं. तिचा आवाज खाली उतरलाय, मध्येच फाटतो, तेलुगू ओळी ती विसरली आणि तिथे नवऱ्याला दोन शिव्या घातल्या. ध्रुवपद आलं तेव्हा तिने एकमेव उरलेल्या मागाकडे पाहिलं आणि असा आवाज काढला की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. खाली विनूदादाचं गाणं इंच इंच पुसलं जात होतं. ठरल्या आकड्याला मी थांबवलं.

मग कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, शेजारी मोबाइल धरून भरून घेतली. आजची नागमणी, मग खट्‌, मग तेव्हाची. पाकळ्यांच्या जागची पट्टी नागमणीने स्वतः नखाने सोलून काढली आणि कॅसेट देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली.

मी विनूदादाला शब्द दिला होता. मोबाइलवरचं ते त्याला पाठवलं आणि खाली लिहिलं, “आता ऐक. आता ऐकण्यासारखं झालंय.”